विश्वासरावांचा पुढचा ब्रेक

चार माणसं दर रविवारी सकाळी एकाच गॅरेजात जमायला लागली, की किस्से साठतातच. फरशीवर ऑइलचे डाग साठतात तसे. पुसायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही. आमच्याकडे किश्शांचा तुटवडा कधीच नव्हता. तुटवडा असायचा तो दहा नंबरच्या पान्याचा, कारण तो दर वेळी कुणाच्या तरी खिशातून घरी गेलेला असायचा!

गेल्या वर्षभरातले किस्से मात्र सगळे एकाच वस्तूचे आहेत. सांगताना हसतो आम्ही, नाही असं नाही. पण हसून झाल्यावर कुणीतरी उगाच चहाचा कप विसळायला उठतं.

वस्तू म्हणजे मोटरसायकलच्या पुढच्या ब्रेकचं मास्टर सिलिंडर. हँडलवर उजव्या मुठीपाशी एक छोटी डबी असते, तिच्यात तेल. उजव्या हाताने लिव्हर आवळली की आतला बोटाएवढा दट्ट्या तेल ढकलतो, ते नळीतून खाली जातं आणि चाकावरची तबकडी दोन्हीकडून दाबून धरतं. एवढंच. एवढ्याशा वस्तूने आम्हाला सहा महिने नाचवलं.

*

आधी माणसं सांगतो. गॅरेज गजाननभाऊंचं, नारायण पेठेतल्या एका बोळात. मूळचे अकोल्याकडचे. पुण्यात पंचवीस वर्षं काढली, पण ‘मले-तुमाले’ सोडलं नाही. निखिल आयटीतला, पस्तिशीचा. त्याला जुन्या गाड्यांचं वेड आणि नवीन गाडीचे हप्ते. मी दातांचा डॉक्टर. गॅरेजात माझा उपयोग शून्य, पण चहा माझ्याकडून असतो म्हणून चालवून घेतात.

आणि विश्वासराव. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले इंजिनीअर. राहायला दोन बोळ सोडून, वहिनी गेल्यापासून एकटेच. त्यांच्याकडे सत्तरच्या दशकातली चार सिलिंडरची जपानी गाडी. एका जहाजावरच्या माणसाकडून त्यांनी ती तरुणपणी घेतली आणि तेव्हापासून दुसऱ्या कुणाला तिच्यावर बसू दिलं नाही. वहिनींनासुद्धा मागेच.

एकदा सिग्नलला एका कॉलेजकुमाराने विचारलं, “काका, एक नंबर गाडी! विकणार का?”

विश्वासराव म्हणाले, “तुमच्या घरी वडील आहेत ना? ते विकायला काढलेत की मला कळवा. मग बोलू.”

सिग्नल हिरवा झाला तरी तो मुलगा तिथेच उभा होता म्हणे.

*

मागच्या हिवाळ्यात विश्वासरावांना पॅरॅलिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली.

सहा महिन्यांत बरंच काही परत आलं. पाऊल आलं, मनगट वळायला लागलं, बोलणं आलं. खोचक बोलणं तर सगळ्यात आधी आलं! घोडं अडलं ते उजव्या हाताच्या बोटांपाशी.

जूनमधल्या एका रविवारी ते रिक्षाने गॅरेजात आले. त्यांची गाडी गजाननभाऊंनी कोपऱ्यात कापड घालून ठेवली होती. कापड काढलं, विश्वासराव हळूहळू सीटवर बसले, उजवा हात मुठीवर ठेवला आणि लिव्हर दाबली. म्हणजे दाबायला गेले. लिव्हर जागची हलली नाही.

पुन्हा दाबली. कपाळावर घाम आला.

मग सरळ समोर बघत म्हणाले, “गजाननराव, ब्रेक गेलाय.”

गजाननभाऊंनी वाकून दोन बोटांनी लिव्हर दाबली. लोण्यासारखी आत गेली, मागचा लाल दिवा लागला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, निखिलकडे बघितलं. 

“हाव न साहेब,” गजाननभाऊ म्हणाले. “पार गेला ब्रेक. मास्टर सिलिंडर खोला लागते.”

पंचवीस वर्षांत मी या माणसाला गिऱ्हाइकाशी खोटं बोलताना ऐकलं नव्हतं.

*

त्याच आठवड्यात विश्वासरावांची मुलगी मधुरा मला भेटायला दवाखान्यात आली. ती वाघोलीला राहते, तिथल्याच एका कॉलेजात शिकवते.

“डॉक्टरकाका, दिवाळीनंतर बाबाला मी माझ्याकडे नेणार. एकटा नाही ठेवू शकत आता.”

“आणि गाडी?”

“आमच्याकडे पार्किंग एक. गाडी बघायला एक माणूस येऊन गेलाय, त्याला हवीये. पण मी बाबाला शब्द दिलाय. जायच्या आधीच्या रविवारी, माझ्यासमोर, एकट्या उजव्या हाताने पुढचा ब्रेक दाबून गाडी थांबवून दाखवायची. जमलं, तर ती येईल आणि माझी कार रस्त्यावर उभी राहील. नाही जमलं, तर विकायची.”

“विश्वासराव काय म्हणाले?”

“म्हणाला, ब्रेक नादुरुस्त आहे. दुरुस्त झाला की दाखवतो.” आणि ती माझ्या पेशंटच्या खुर्चीवर बसून रडायला लागली. बाहेर दोन पेशंट थांबले होते. आतला आवाज ऐकून त्यातला एक उठून गेला!

*

सिलिंडर खोललं. धडधाकट सिलिंडर खोलायचं गजाननभाऊंच्या जिवावर आलं होतं, पण बोललो ते बोललो, असं म्हणत त्यांनी दट्ट्या बाहेर काढला. आत बॅटरी मारून काही दिसेना. मग मी माझा तोंडात घालायचा छोटा आरसा आणला. इतक्या वर्षांत गॅरेजला माझा झालेला पहिला उपयोग!

आरसा आत घातला आणि मी ओरडलोच. “अहो, किडलंय हे!”

खरंच किडलं होतं. तेलाने दमट हवा ओढून घेतली होती आणि आतल्या भिंतीला हे एवढाले खड्डे पडले होते. ब्रेक उद्या ना परवा जाणारच होता. विश्वासराव स्टुलावर बसून सगळं बघत होते. म्हणाले, “मी काय सांगत होतो?”

गजाननभाऊंनी मला विचारलं, “डॉक्टर, काढा लागते का भरा लागते?”

“कॅप बसवा,” मी म्हटलं.

म्हणजे आतून पितळी स्लीव्ह, नळीसारखं पातळ अस्तर. विश्वासराव रिक्षाने गेल्यावर निखिलने आवाज खाली करून डोकं चालवलं. “भाऊ, स्लीव्ह टाकायचीच आहे, तर छिद्र बारीक करूया ना. चौदाचं अकरा मिलिमीटर. Basic physics आहे. जिथे दहा किलोचा जोर लागायचा तिथे सहाच लागेल. काकांना सांगायचं नाही.”

आम्ही तिघांनी तिथेच ठरवलं. हात दुरुस्त करणं आमच्या हातात नव्हतं. सिलिंडर होतं.

*

पण मनातून मला हे पटत नव्हतं. खोट्यावर किती दिवस ढकलायचं? निखिल आणि गजाननभाऊ माझ्यामागे लागले. “तुम्ही डॉक्टर ना? तुम्ही सांगा त्यांना हाताचं.”

“मी दातांचा डॉक्टर आहे!”

“दात तं दात. डॉक्टर ना?”

योगायोगाने विश्वासरावांची दाढ दुखायला लागली. मी म्हटलं हीच वेळ. खुर्चीवर आडवे असतील, तोंड उघडं असेल, उलट बोलता येणार नाही. पुण्यात अशी संधी पुन्हा मिळत नाही!

दाढेत काम करता करता मी एका दमात सांगून टाकलं. “विश्वासराव, ब्रेक चालू होता. सिलिंडर किडलेलं निघालं ते नशीब, पण लिव्हर त्यामुळे नव्हती हलत. बोटांत जोर नाहीये. तो कदाचित येणार नाही. तुम्ही मनाची तयारी ठेवा.”

ते दिव्याकडे बघत राहिले. डाव्या डोळ्यातून पाणी निघालं आणि कानापर्यंत गेलं. मी कापसाने पुसलं. 

काम झालं, त्यांनी चूळ भरली, रुमालाने तोंड पुसलं. दारापाशी जाऊन वळले.

“भूल नीट लागली नव्हती, डॉक्टर,” म्हणाले.

पुढच्या रविवारी सगळ्यांच्या आधी गॅरेजात हजर! या विषयावर आम्ही पुन्हा बोललो नाही.

*

आता माझा पराक्रम. सांगायला लाज वाटते, पण सगळ्यांचं सांगून माझं झाकून ठेवणं बरं नाही.

बरीच शोधाशोध करून निखिलने जुलैअखेर परदेशातून अकरा मिलिमीटरचं किट मागवलं. दट्ट्या, स्प्रिंग आणि दट्ट्यावर बसणारे दोन काळे रबरी कप. यायला दीड महिना लागला. किट आलं त्या रविवारी गजाननभाऊ चहाचं सांगायला गेले होते. मी पाहिलं, कपांना पांढरी पावडर लागलीये. आमच्या धंद्यात स्वच्छता फार. मी दोन्ही कप पेट्रोलच्या डब्यात टाकले आणि छान बुडवून ठेवले. वरून झाकणसुद्धा लावलं!

ब्रेकची रबरं ब्रेकच्याच तेलात धुवायची असतात. पेट्रोलचा नुसता वास लागला तरी फुगतात. हे मला कुणी सांगितलं होतं?

गजाननभाऊंनी कप बाहेर काढले तेव्हा ते दहीवड्यांसारखे झाले होते.

त्यांनी ते दोन्ही माझ्यासमोर फरशीवर मांडले. मग म्हणाले, “डॉक्टर, एक इचारतो, राग मानू नका. तुमच्याकडे येते तो माणूस दुसऱ्यांदा येते का?”

हसले सगळे. मला हसू येईना. नवीन किटला पुन्हा दीड महिना. दिवाळी ऑक्टोबरच्या शेवटी. माझ्या शहाणपणापायी या माणसाची गाडी जाणार, हे दिसत होतं. मी विश्वासरावांना हात जोडले. “माफ करा हो. घोळ घातला मी.”

त्यांच्या डाव्या हातात कापडी पिशवी होती. तिच्यातून त्यांनी एक पिवळा रबरी चेंडू काढला, व्यायामाचा. तो उजव्या तळव्यात ठेवला आणि दाबून दाखवला. कसाबसा, पाव इंच.

“उलट बरं झालं,” ते म्हणाले. “एवढ्यात होत नाहीये. मला दीड महिना हवाच होता.”

त्या दिवशी कप विसळायला मी उठलो.

*

दुसरं किट वेळेत आलं. गजाननभाऊंनी कुणाला हात लावू दिला नाही. मला तर त्यांनी गॅरेजच्या दारात स्टूल टाकून बसवलं. सिलिंडर जोडलं, तेल भरलं आणि नळीतली हवा काढायची वेळ आली.

हवा काढायची म्हणजे एकाने वर लिव्हर दाबत राहायचं, दुसऱ्याने खाली चाकापाशी बसून स्क्रू सैल-घट्ट करत बुडबुडे जाऊ द्यायचे. आणि या गॅरेजचा रिवाज असा, की लिव्हर गाडीच्या मालकाने दाबायची. गजाननभाऊंचं म्हणणं, ब्रेक कोणाचा जीव वाचवणार? मग त्याच्या हाताने झाला पाहिजे.

निखिल हळूच म्हणाला, “भाऊ, या वेळी मी दाबतो ना.”

“मालक समोर बसेल हाय,” गजाननभाऊ म्हणाले आणि पाना घेऊन खाली बसले.

विश्वासरावांनी डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं एकेक करून लिव्हरवर ठेवली आणि वरून डाव्या हातानेच आवळली. मग डाव्यानेच सोडली. पुन्हा आवळली. अर्ध्या तासाच्या कामाला दोन रविवार लागले. गजाननभाऊ पूर्ण वेळ उकिडवे बसून होते. गुडघे दुखत असणार, पण एकदाही ‘चला लवकर’ म्हणाले नाहीत. मी स्टुलावर बसून बघत होतो आणि मला इतकं वाईट वाटत होतं, की शेवटी मी बोळातून जाणाऱ्या गाड्या मोजायला लागलो.

दुसऱ्या रविवारी दहाएक वेळा आवळून झाल्यावर विश्वासराव थांबले. लिव्हरकडे बघितलं, खाली तेलाच्या बाटलीकडे बघितलं.

“तेल कमी सरकतंय. लिव्हर पहिल्यापेक्षा जास्त आत येतेय. छिद्र किती ठेवलंत, अकरा?”

गजाननभाऊंनी उगाच फडक्याने पाना पुसला.

“मी तेहतीस वर्षं या शहराच्या नळांमधला दाब सांभाळला. मला हे कळणार नाही?”

निखिल म्हणाला, “सॉरी काका. आम्हाला वाटलं...”

“सॉरी कशाला?” त्यांचा आवाज एकदम खाली आला. असा मी कधी ऐकला नव्हता. “गजाननराव, दहाचं नाही का करता येणार?”

गजाननभाऊंनी मान हलवली. “नाई साहेब. त्याच्याखाली गेलं तं लिव्हर मुठीले टेकते अन् ब्रेक लागतच नाई.”

“बरं,” विश्वासराव म्हणाले. “मग उरलेलं मी बघतो.”

*

आणि मग तो रविवार. दिवाळी होऊन गेलेली, बोळात अजून फटाक्यांचा कचरा. सामान वाघोलीला गेलं होतं. विश्वासरावांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि दाढी केली होती, एका हाताने, तीन ठिकाणी कापून.

मधुरा आली. गजाननभाऊंनी जमिनीवर खडूने रेघ मारली. आमचा बोळ जरा उतरता आहे. इंजिन बंद ठेवायचं, मी आणि निखिलने मागून ढकलायचं, आणि रेघेच्या आत विश्वासरावांनी एकट्या उजव्या हाताने गाडी थांबवायची.

“बाबा, नाही जमलं तरी चालेल हं,” मधुरा म्हणाली.

“तू रेघेपाशी उभी राहा. बाकी बोलू नकोस.”

आम्ही ढकललं. गाडी चांगली जड, पण उतार लागल्यावर निघाली. मी धापा टाकत होतो आणि मनातल्या मनात आयुष्यात मागितलं नाही ते सगळं देवाकडे मागत होतो. रेघ जवळ आली. मला विश्वासरावांची फक्त पाठ दिसत होती. खांदा वर गेला, मान ताठ झाली, आणि घशातून एक आवाज आला, वजन उचलताना येतो तसा.

लाल दिवा लागला. गाडीचं तोंड खाली दबलं आणि गाडी थांबली. रेघेच्या चार बोटं आत!

निखिलने शिट्टी मारली. समोरच्या गॅलरीतल्या दोन बायका काय झालं हे माहीत नसताना टाळ्या वाजवायला लागल्या. गजाननभाऊंनी तेलकट हाताने डोळे पुसले आणि तोंड काळं करून घेतलं. मी त्यांना मिठी मारली. माझा पांढरा शर्ट त्या दिवसापासून गॅरेजचाच झाला. मधुरा एकाच वेळी हसत आणि रडत होती. “आणते, बाबा! आणते गाडी! राहू दे माझी कार उन्हात!”

मग ती फोन काढून म्हणाली, “जरा मागे घ्या ना, रेघेसकट फोटो काढते.”

मी आणि निखिलने गाडी मागे ओढली. हलेना. जोर लावला. पुढचं चाक जाम!

“आता हे काय?” निखिल म्हणाला.

गजाननभाऊंचा चेहरा उतरला. लिव्हर सोडल्यावर तेल डबीत परत यायला सिलिंडरमध्ये एक सुईच्या टोकाएवढं भोक असतं. ते बुजलं की तेल खालीच अडकतं आणि ब्रेक लागलेलाच राहतो. “परतीचं भोक बुजलं, दुसरं काई नाई,” ते म्हणाले. “पितळेचा एखादा कण राहिला असल. चूक माही. दहा मिनिटं द्या, साहेब, आत्ता मोकळं करतो.” पाना घेऊन ते चाकापाशी गुडघ्यावर बसले. निखिलने मोबाइलची बॅटरी धरली. मी दुसऱ्या बाजूने चष्मा वर करून वाकलो. तिघांची डोकी त्या चाकापाशी एकत्र, आणि वर हँडलकडे एकाचंही लक्ष नाही.

“गजाननराव, पाना ठेवा,” विश्वासराव म्हणाले. “सिलिंडर उत्तम झालंय.”

“नाई साहेब, चाक जाम हाय न...”

“सिलिंडरला हात लावू नका.”

आम्ही वर बघितलं. ते सरळ समोर बघत होते. उजव्या हाताची चारही बोटं लिव्हरवर घट्ट, पांढरी पडलेली.

“मधुरा, इकडे ये,” ते म्हणाले. “करंगळीपासून सुरुवात कर. सगळी एकदम ओढू नकोस.”